विषावरील उतारा : चीनचा आणि आपला

पावसाळा सरत आला आणि पऱ्हाटी छातीला लागली, की विदर्भातील रुग्णालयांत एका विशिष्ट प्रकारचे रोगी येऊ लागतात. कोणी फवारणी करताना वाऱ्याने उलटलेला फवारा अंगावर घेतलेला असतो. कोणी अंधारात भलतीच बाटली तोंडाला लावलेली असते. आणि कोणी कर्जाने व निराशेने जेरीस येऊन ती जाणूनबुजून उचललेली असते. या बाटलीतील द्रव्याला आपण बोलण्यात 'औषध' म्हणतो. वावरात औषध मारले, कपाशीला औषध दिले, असे आपण सहज बोलून जातो. आणि तेच औषध माणसाच्या पोटात गेले म्हणजे त्यावरच्या औषधाचा शोध सुरू होतो. रोग्याबरोबर आलेले नातेवाईक डॉक्टरांना विचारतात, 'यावर काही झाडपाल्याचा उतारा नाही का?'

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे समजून त्याला हसणे सोपे आहे. पण आम्हांस तो हसण्यासारखा वाटत नाही. विषावर वनस्पतींचा उतारा शोधणे हे माणसाचे फार जुने काम आहे, आणि ते आपल्या देशात व चीनमध्ये मोठमोठ्या विद्वानांनी केलेले आहे. इतकेच नव्हे, तर तण मारण्याच्या आधुनिक विषावर आपल्या जुन्या वनौषधींचा प्रयोग चिनी डॉक्टरांनी याच पिढीत करून पाहिला आहे. त्या प्रयत्नाचे काय झाले, आणि त्यातून आपण काय घ्यावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम आपल्या घरातील ठेव्याकडे पाहू. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी विषचिकित्सेचे अंग ते अगदतंत्र. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेविसावा अध्याय विषाला वाहिलेला असून त्यात विषावरचे चोवीस उपक्रम सांगितले आहेत. दंशाच्या वर बंध बांधणे, रक्त काढणे, ओकारी करविणे, रेच देणे, हृदयाचे रक्षण करणे, नस्य, धूर, लेप, एका विषावर दुसरे विष देणे, अशी ती यादी आहे. विष हरण करणाऱ्या द्रव्यांत चरकाने शिरीषाला अग्रस्थान दिले आहे. सुश्रुताने तर विषासाठी आठ अध्यायांचे कल्पस्थानच रचले. विष शरीरात वेगावेगाने चढत जाते आणि प्रत्येक वेगाची चिकित्सा निराळी असते, हे त्याचे निरीक्षण आहे. शरीरातून पुरते न गेलेले, जुने होऊन दबून राहिलेले आणि पुढे हळूहळू पीडा देणारे जे विष, त्याला त्याने दूषीविष असे नाव दिले. शत्रूने पाणी, गवत आणि जमीन विषाने बिघडवली असता ती कशी ओळखावी व कशी शुद्ध करावी, याचाही विचार त्याने केला आहे. हे सारे आजच्या कसोटीला उतरेल असे आम्ही म्हणत नाही. पण विषाकडे पाहण्याची एक शिस्त त्यात आहे, एवढे निश्चित. विष काय आहे, ते कोठवर पोचले आहे आणि आता काय करणे शक्य आहे, असा तो क्रम आहे.

आता चीनकडे वळू. नागपूरकरांना हा देश अगदीच परका नाही. जपानने चीनवर आक्रमण केले असता काँग्रेसच्या वतीने १९३८ साली पाच डॉक्टरांचे जे पथक तिकडे गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. ही मंडळी गेली ती शस्त्रक्रियेचे सामान आणि पाश्चात्त्य वैद्यकाची विद्या घेऊन. परंतु औषधांची देवघेव त्यापूर्वी कित्येक शतके चालू होती, आणि तिचा पुरावा पाहण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. इतवारीतील किराणा ओळीत काष्ठौषधींच्या दुकानी जाऊन रेवंदचिनी मागावी. ही एका झाडाची मुळी. पोट साफ करण्यासाठी ती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिच्या नावातील 'चिनी' म्हणजे चीनची. दुसरी चोपचिनी. सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात फिरंगरोगावर ती सांगितली आणि तिला द्वीपांतर वचा, म्हणजे परद्वीपातून आलेली वचा, असे नाव दिले. आपल्या वैद्यांना परक्या देशाची मुळी वर्ज्य नव्हती. गुण आला की ती आपली झाली.

चिनी वैद्यकाची दंतकथा अशी की शेन्नोंग नावाच्या आदिराजाने शेकडो वनस्पती स्वतः चाखून पाहिल्या आणि तो एका दिवसात सत्तर विषांना सामोरा गेला. दंतकथा बाजूला ठेवली तरी इतिहास मोठाच आहे. चौथ्या शतकातील गे हॉंग या पंडिताने तातडीच्या प्रसंगी उपयोगी पडणाऱ्या योगांचा एक ग्रंथ लिहिला. वैद्य जवळ नसताना सामान्य माणसाला हाताशी ठेवता यावा, असा त्याचा हेतू होता. सातव्या शतकात सुन सिमियाओ याने औषधींचा मोठा संग्रह केला. सोळाव्या शतकात ली शिजेन याने आयुष्यभर खपून वनौषधींचा महाकोश तयार केला. तो त्याच्या मृत्यूनंतर १५९६ साली छापून निघाला. या परंपरेत विषावर ज्या दोन वस्तूंचा पुनःपुन्हा उल्लेख येतो त्या आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि आजीबाईच्या बटव्यातल्या आहेत : हिरवे मूग आणि ज्येष्ठमध. मूग व ज्येष्ठमध यांचा काढा हा चीनमधील घराघरांत ठाऊक असलेला विषावरचा उतारा होय.

येथवरचा इतिहास ज्या विषांचा आहे ती विषे निसर्गातील होती. साप, विंचू, बचनाग, सोमल, नासलेले अन्न, विषारी अळंबी. विसाव्या शतकात जे आले ते निराळे. पॅराक्वाट नावाचे द्रव्य प्रयोगशाळेत प्रथम १८८२ साली तयार झाले. कित्येक वर्षे ते रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर, रंग बदलून रासायनिक क्रिया दाखविणारे एक दर्शक म्हणून पडून होते. ते हिरवे पान जाळून टाकते हे १९५५ साली इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या संशोधकांच्या ध्यानात आले, आणि १९६२ पासून ते तणनाशक म्हणून बाजारात आले. पानावर पडले की उन्हात काही तासांतच तण करपते, आणि मातीवर पडले की मातीचे कण त्याला घट्ट धरून ठेवतात व ते निष्प्रभ होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचे काय असणार? जेथे डवरणीला बैलजोडी लागत असे आणि निंदणाला बायांची रांग बसत असे, तेथे पाठीवर पंप घेतलेला एक माणूस पुरेसा झाला. मजूर मिळेना, मजुरी परवडेना, पावसाने उघडीप देईना, अशा अडचणीत सापडलेल्या माणसाने ही सोय पत्करली तर त्याला बोल लावता येत नाही.

परंतु तेच द्रव्य पोटात गेले म्हणजे काय होते, हे १९६६ साली वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या पहिल्या वृत्तांतांपासून जगाला कळू लागले. सुरुवातीच्या अपघातांत रिकाम्या पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले तणनाशक कोणीतरी चुकून प्यालेले असे. पॅराक्वाट रक्तात उतरले की फुप्फुसे त्याला आपणहून आत ओढून घेतात आणि रक्तातल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात साठवितात. तेथे ते प्राणवायूपासून जहाल कण निर्माण करीत राहते. एका कणाचे काम संपले की ते पुन्हा पहिल्यासारखे होते आणि पुन्हा तेच करते. म्हणजे स्वतः न खर्चता घर जाळीत राहणारी ही ठिणगी आहे. मूत्रपिंडे बिघडतात आणि काही दिवसांत फुप्फुसे चिवट होऊन बंद पडत जातात. यातील सर्वांत क्रूर गोष्ट ही की गुदमरणाऱ्या रोग्याला प्राणवायू द्यावा तर तोच विषाला इंधन पुरवितो. रोगी पहिले एकदोन दिवस बोलत असतो, चालत असतो; नातेवाइकांना वाटते, निभावले. आणि मग उतार सुरू होतो. या विषावर नेमका उतारा म्हणावा असे औषध आजवर सापडलेले नाही.

पाश्चात्त्य डॉक्टरांनी प्रयत्न सोडले असे मात्र नाही. माती या विषाला धरून ठेवते, मग मातीच पोटात द्यावी, असा विचार पुढे आला आणि रोग्यांना मुलतानी माती पाजण्यात येऊ लागली. तिच्याबरोबर किंवा तिच्याऐवजी कोळशाची पूड. रक्त यंत्रातून गाळून पाहिले. शरीराची दाहक प्रतिक्रिया दाबणारी जबर औषधे दिली. श्रीलंकेत सुमारे ३०० रोग्यांवर त्यांची रीतसर चाचणी झाली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्यांनी जीव वाचत नाहीत असे दिसून आले. अशा वेळी चिनी डॉक्टर आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळले, यात नवल ते काय!

त्यांनी जे केले ते थोडक्यात असे. विष आतड्यातून लवकर बाहेर पडावे म्हणून रेवंदचिनी दिली. ज्येष्ठमध व मुगाचा काढा दिला. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे शुएबिजिंग नावाचे, शिरेतून देण्याचे एक औषध वापरले. हे २००४ साली चीनमध्ये संमत झाले. ते पाच वनस्पतींच्या अर्कांपासून करतात, आणि त्यातील एक आपल्या चांगल्या ओळखीची आहे : करडईचे फूल. चिनी वैद्यक त्याला साकळलेले रक्त मोकळे करणारे मानते. रक्तातील जंतुदोषाच्या गंभीर रोग्यांवर या औषधाची मोठी चाचणी झाली. १८१७ रोग्यांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, आणि औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी आढळले. म्हणजे वनस्पतीचे आहे म्हणून ते कुचकामी आहे, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

पण पॅराक्वाटबद्दल काय? चीनमधील रुग्णालयांतून या विषयावर पुष्कळ लेख निघाले आणि त्यांपैकी बऱ्याच लेखांत लाभ झाल्याचे म्हटले आहे. मात्र या चाचण्या बहुतेक लहान आहेत. वनौषधीबरोबरच रक्त गाळणे, पोट धुणे इत्यादी सर्व उपचार त्याच रोग्यांवर चाललेले असतात. कोणी किती विष घेतले होते आणि कितव्या तासाला तो रुग्णालयात पोचला, याचा मेळ नेहमीच बसत नाही. जो वाचला तो काढ्याने वाचला की मुळात थोडेच विष पोटात गेल्यामुळे वाचला, हे अशा पाहणीतून ठरविता येत नाही. दाह थोडा कमी करणे निराळे आणि विषाचा उतारा होणे निराळे. पहिल्या गोष्टीची आशा ठेवण्यास जागा आहे; दुसरी सिद्ध झालेली नाही.

मग वनस्पतींकडून आशा धरणेच चूक आहे काय? तसेही नाही. शेतीतल्याच दुसऱ्या एका विषवर्गाचे उदाहरण पहा. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांनी विषबाधा झाली की घाम, लाळ आणि श्वासनलिकेतील स्राव अनावर होतात, बाहुल्या आकसतात आणि माणूस आपल्याच स्रावांत बुडून मरतो. यावर जगभर दिले जाणारे पहिले औषध म्हणजे ॲट्रोपीन. ते मुळात बेलाडोना या वनस्पतीतून काढलेले आहे, आणि तिच्याच कुळातील आपल्या धोत्र्यातही ते द्रव्य सापडते. म्हणजे एका विषारी झाडाचा सत्त्वांश दुसऱ्या विषाला अडवितो. चरकाच्या यादीतील 'विषावर विष' ही कल्पना येथे अक्षरशः खरी ठरली. पण ती खरी ठरली, कारण विष शरीरात नेमके कोठे बसते आणि औषध त्याच जागी कसे आडवे येते हे कळले, आणि मात्रा मोजता आली. धोत्र्याचे बी वाटून पाजणारा मात्र रोग्याला दुसऱ्यांदा विष देईल.

दुसरे उदाहरण चीनचेच. २३ मे १९६७ रोजी तेथे हिवतापावर औषध शोधण्याची एक गुप्त सरकारी योजना सुरू झाली. टू यूयू या विदुषीने शेकडो जुने योग चाळले. एका वनस्पतीचा गुण कधी येई, कधी येत नसे. तेव्हा त्यांना गे हॉंगच्या त्या चौथ्या शतकातील ग्रंथात ही वनस्पती उकळण्यास नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळून घेण्यास सांगितलेली आढळली. उष्णतेने गुण जात असावा असे ताडून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, तो आधी प्राण्यांवर आणि मग स्वतःवर तपासला. त्यातून आर्टेमिसिनिन निघाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाने वाट दाखविली. चालावे मात्र त्यांनाच लागले. परंपरेचा मान राखण्याची खरी रीत हीच होय.

आता पुन्हा आपल्या भूमीवर येऊ. २०१७ सालच्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. ही विषे तणनाशके नव्हती, कीटकनाशके होती. परंतु धडा तोच आहे. पऱ्हाटी माणसाहून उंच वाढलेली, किडीचा जोर मोठा, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, जोरदार फवारा सोडणारे नवे पंप, आणि अंगावर ना हातमोजे ना मुखवटा. विदर्भाच्या उकाड्यात तो पोशाख घालून दिवसभर राबणे किती कठीण आहे हे आपण जाणतोच. डॉक्टरांपुढे रोगी आला तेव्हा त्याच्या अंगात नेमके कोणते विष गेले हेच पुष्कळदा उमगत नव्हते. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. पण गेलेली माणसे परत आली नाहीत. मृत्यूनंतर जागे होण्याची ही आपली सवयही नवी नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑनने बिघडलेला गहू व पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा कोठे कीटकनाशकांवर कायदा हवा अशी जाग आली. तो कायदा झाला १९६८ साली!

तर मग उतारा कोठे आहे? याचे उत्तर चीननेच दिले आहे, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातील ते सर्वांत बोलके प्रकरण आहे. ज्या देशाजवळ वनौषधींची एवढी मोठी परंपरा, ज्याने ती पॅराक्वाटवर मनापासून वापरून पाहिली, त्याच देशाने १ जुलै २०१६ पासून पातळ पॅराक्वाटची देशांतर्गत विक्री व वापर बंद केला. दक्षिण कोरियाने २०१२ साली विक्री थांबविली आणि त्यानंतर कीटकनाशके घेऊन होणाऱ्या आत्महत्यांची संख्या ठळकपणे उतरली. श्रीलंकेने २००८ पासून टप्प्याटप्प्याने पॅराक्वाटसह काही जहाल द्रव्ये मागे घेतली. मृत्यू कमी झाले आणि शेतीचे उत्पन्न त्यामुळे घटले असे आढळले नाही. आपल्या देशात केरळ राज्याने २०११ साली असेच पाऊल उचलले. माणूस हताश क्षणी जे हाताशी असेल ते उचलतो. तो क्षण टळला तर पुष्कळदा माणूसही वाचतो, हे या आकड्यांचे तात्पर्य आहे. मात्र न्यायाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चीनने घरात बंदी घातली, तरी परदेशी पाठविण्यासाठी उत्पादन चालू ठेवले. युरोपातही २००७ साली हे विष बंद झाले, तरी इंग्लंडमधून त्यानंतरही कित्येक वर्षे ते निर्यात होत राहिले. आपल्या अंगणात नको असलेले विष दुसऱ्याच्या वावरात चालते, ही कोणती नीती?

नगरवासी श्रोते विचारतील की यात आमचे काय काम. काम आहे. आपल्यापैकी अनेकांची शेती गावाकडे आहे आणि ती बटईने किंवा मक्त्याने दुसरा कोणी कसतो. तेथे कोणती बाटली येते आणि ती कोठे ठेवली जाते हे विचारणे आपल्या हाती आहे. पाण्याच्या बाटलीत औषध काढून ठेवू नये, ते कुलपात असावे, फवारणाऱ्याला पोशाख द्यावा. विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी काढ्यात वेळ न दवडता, घरी ओकाऱ्या न करविता, बाटलीसकट माणसाला रुग्णालयात न्यावे. कारण जुन्या ग्रंथांतील वमन हे वैद्याच्या देखरेखीचे कर्म होते, आणि जाळणारे विष उलटताना घसा दुसऱ्यांदा जाळते. आणि घरात कोणी गप्प गप्प राहू लागला, तर त्याच्याशी बोलावे. हा उतारा कोणत्याच ग्रंथात औषध म्हणून लिहिलेला नाही, तरी तो गुणकारी आहे.

शेवटी पुन्हा सुश्रुताकडे जाऊ. त्याच्या कल्पस्थानाच्या आठ अध्यायांत स्थावर विषे आहेत, साप आहेत, उंदीर आणि कीटक आहेत, नाना प्रकारचे अगद आहेत. पण त्याने आरंभ यांपैकी कशानेच केलेला नाही. त्याच्या पहिल्या अध्यायाचे नाव आहे अन्नपानरक्षाकल्प. म्हणजे विष स्वयंपाकघरात आणि ताटापर्यंत येऊच नये यासाठी काय करावे, याचा विचार. तेथे रक्षण होते राजाचे. आज ते रक्षण पाठीवर पंप घेऊन वावरात उतरणाऱ्या माणसाला मिळाले पाहिजे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.